येऊन राहिलो

माझं नाव रागिणी. बाबांनी ठेवलं ते गाण्यातल्या रागावरून, पण अकोल्याचं अख्खं जुनं शहर म्हणतं, नाकावरच्या रागावरून. असो. त्या दिवशी अमरावतीच्या बसस्टँडवर मी आधीच तापलेली होते. मोर्शीची गाडी अर्धा तास उशिरा, बारीक भुरभुर चाललेली, छत्रीची एक काडी मोडलेली, आणि शेजारी उभा असलेला एक उंच, सावळा माणूस मला तिसऱ्यांदा तेच विचारत होता.

"क्षमा करा बाई, मोर्शीस जाणारी गाडी कोठे लागते?"

क्षमा करा! मोर्शीस! कोठे! मी मान वळवून नीट पाहिलं. चौथीच्या पुस्तकातला धडा उठून आला की काय! चेहरा आपल्यातलाच, कोकणाकडचा असावा तसा. पाठीवर भली मोठी पिशवी, आणि अशा चिखलात पायात सँडल.

"येऊन राहिली ना!" मी म्हटलं.

"येऊन राहिली?" त्याचा चेहरा एकदम उजळला. "फार आभारी आहे."

आणि तो निघालाच! स्टँडच्या मागं रिकाम्या गाड्या उभ्या असतात, तिकडं. एकेका गाडीची पाटी अक्षर लावून लावून वाचत. तेवढ्यात मोर्शीची गाडी आली, माणसं तुटून पडली, मी खिडकीची जागा पकडली. गाडी सुटायला लागली तरी साहेब तिकडंच पाट्या वाचतायत.

आता मला सांगा, मी का उतरले? मी काही त्याची कोणी लागत नव्हते. पण उतरले खरी. कंडक्टरनं चार शब्द सुनावले, ते मुकाट ऐकले. माझे बाबा, खुशालराव, जन्मभर एस.टी.त कंडक्टर होते, त्यामुळं कंडक्टरचं मी ऐकून घेते. बाकी कुणाचं नाही.

"अव बाप्पा! गाडी गेली ना! तुमी तिकडे काय करून राहिले?"

"आपणच म्हणालात ना, येऊन राहिली आहे," तो म्हणाला. "येऊन कोठे राहिली, ते शोधत होतो."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि मी अशी हसले, अशी हसले, की छत्री हातातून पडली. आमच्या वऱ्हाडात 'येऊन राहिली' म्हणजे येते आहे, वाटेत आहे. त्याच्या मराठीत मात्र ती आली होती आणि मुक्कामाला राहिली होती! तो खाली वाकला, छत्री उचलली, मोडलेली काडी बोटांनी सरळ केली आणि माझ्या डोक्यावर धरली. स्वतः भिजत.

"आता पुढची गाडी?"

"तासाभरानं. येऊन नाई राहिली, येनार हाय. समजलं?"

टपरीवर चहा घेताना नाव कळलं. नदाव किहीमकर. गाव विचारलं, तर म्हणे, दिमोना, इस्रायल. मी चहा तसाच हातात धरून बसले. त्याची आजी अलिबागजवळच्या किहीमची. त्यांचे लोक, बेने इस्रायल म्हणजे आपल्याकडचे ज्यू, शेकडो वर्षं कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी सुट्टी पाळायचे, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं. साठ वर्षांपूर्वी आजी तिकडं वाळवंटात गेली, पण मराठी सोबत घेऊन गेली. नातवाशी दुसऱ्या भाषेत बोलायचीच नाही.

"दोन वर्षांपूर्वी ती गेली," तो म्हणाला. "आता घरात मराठी बोलायला कोणी नाही. मी झाडांशी बोलत असे. म्हणून आलो."

माझी आई जाऊन सहा वर्षं झाली होती. मलाही घरी गेलं की भिंतींशी बोलायची सवय लागली होती, पण असं कुणी उघड सांगतं का?

नदाव आला होता मोर्शीकडच्या संत्र्यांच्या बागांना पाण्याचं शिकवायला. आणि मी अमरावतीत शेखरभाऊंच्या ठिबकच्या दुकानात कामाला, बागेत जाऊन बसवलेल्या नळ्या तपासायच्या. म्हणजे पुढचे तीन महिने हा माणूस माझ्याच डोक्यावर! मी तोंडानं कुरकुर केली. आतून... जाऊ द्या.

आठवड्यातून चार दिवस आम्ही एकाच बागेत असायचो. आंबिया बहाराची संत्री गळत होती आणि तो झाडाझाडाखाली बसून गळलेली मोजायचा, ओठातल्या ओठात, हिब्रूत. अहात, श्तायिम, शालोश. मीही शिकले, एक, दोन, तीन. शेतकऱ्यांना तो म्हणायचा, "झाडाच्या पायाशी पाणी ओतू नका. थोडे लांब द्या. मुळे आपण होऊन शोधत येतात."

"बाईमानसालेही असंच लांबून पानी देता का तुमी?" मी एकदा विचारलं.

तो लालबुंद झाला. मग म्हणाला, "मुळे येऊन राहिली का, ते पाहतो आहे."

"हे बरोब्बर बोलले! वऱ्हाडी जमून राहिली तुमाले."

"आपल्या नावात राग आहे, पण आवाजात नाही," तो म्हणाला. दिवसभर मी नळीचं एकही तोंड नीट बसवलं नाही.

एका दुपारी बांधावर बसून भाकर खाताना त्यानं सैन्याचं सांगितलं. तिकडं अठरा झाले की सगळ्यांनाच जावं लागतं. पोरांना जवळजवळ तीन वर्षं, पोरींना दोन.

"मी असती तर?"

"आपण सेनापती झाल्या असतात. शत्रू आवाजानेच पळाले असते."

"फालतू बोलू नका. तुमी काय केलं तीन वर्षं?"

"वाट पाहिली," तो म्हणाला. "गाझाच्या कुंपणाजवळ एक मनोरा होता, त्यात बसायचे. पलीकडे एक म्हातारा शेळ्या चारायचा. रोज मला हात करायचा. मला हात करण्याची परवानगी नव्हती."

"मग?"

"एकदा केला." त्यानं भाकरीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. "एकदाच. मग माझी बदली झाली."

ही गोष्ट मी नईमाला सांगितली. नईमा माझ्या गल्लीतली, बालवाडीपासूनची मैत्रीण. ती अमरावतीत औषधांच्या दुकानात कामाला, आम्ही दोघी गंगूबाईंच्या घरी एका खोलीत राहायचो. खोलीवर पुरुषमाणूस आलेला गंगूबाईंना चालायचा नाही, म्हणून एका रविवारी मी नदावला सरळ अकोल्याला घरी नेलं. बाबांनी वरण-रोडगे केले होते. नाव ऐकलं आणि म्हणाले, "या, या नामदेवराव!"

"बाबा, नदाव."

"तेच ना. नामदेव."

त्या दिवसापासून तो नामदेवच झाला. जेवणं होत आली तेव्हा नईमा डबा घेऊन आली. तिच्या अम्मीची मन्नत पुरी झाली होती, म्हणून मलिदा. नदावनं डब्यात पाहिलं आणि ताडकन उभा राहिला.

"मलिदा? हा आमचा असतो!"

"लो, सुनो!" नईमा म्हणाली. "हा आमचा हाय. चपाती कुस्करा, तूप, गूळ. तुमचा कुठून आला?"

"आमचा पोह्यांचा. ओले खोबरे, साखर, वेलची. कोणी घरी सुखरूप परतले, की आजी मलिदा करी."

दोघं अर्धा तास भांडले, खरा मलिदा कोणाचा म्हणून. बाबांनी दोन वाट्या खाऊन निकाल दिला की पोह्यांचा खाल्ल्याशिवाय सांगता येणार नाही. जाताना नईमा माझ्या कानात म्हणाली, "रागे, पोट्टा चांगला हाय. सांभाळ." मला आयुष्यात इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

आणि मग तो ऑक्टोबरातला शनिवार आला.

शनिवारी नदाव फोन बंद ठेवायचा, हा आजीचा नियम. मी दुकानात होते. दुपारी इस्रायलच्या बातम्या यायला लागल्या... गाझाकडचं कुंपण तोडून माणसं आत शिरली, घराघरात मारलं, धरून नेलं. मी फोन लावला, बंद. पुन्हा लावला, बंद. मग मी शेखरभाऊंना न सांगताच मोर्शीची गाडी धरली. सगळ्या वाटेनं एकच घोकत होते, कसं सांगू? त्याची धाकटी बहीण नोआ, एकोणीस वर्षांची, सीमेजवळच नेमणुकीला होती.

तो बागेत झाडाला टेकून बसला होता. मला पाहून हसला. "आज शनिवार. आज आपल्याला सुट्टी ना?"

"फोन चालू कर," मी म्हटलं. पहिल्यांदाच 'कर' म्हटलं.

त्यानं फोन चालू केला आणि तो थांबेचना, वाजतच राहिला. नोआ जिवंत होती. सैन्यातला त्याचा जिवलग दोस्त मात्र सापडत नव्हता. दोन दिवसांनी सापडला, तो गेलेलाच. नदाव रडला नाही. खाली पडलेली संत्री मोजत बसला, आणि मी शेजारी बसून त्याच्यासोबत मोजली.

तिकडं सैन्यातून सुटलेल्यांनाही लढायला परत बोलावत होते. मंगळवारी बडनेरा स्टेशनवर त्याला सोडायला गेले.

"नाई गेला तर काय होईल?" मी विचारलं.

"काही नाही. मी परदेशात आहे, कदाचित कोणी विचारणारही नाही." तो माझ्याकडं पाहत नव्हता. "पण नोआ तिकडे आहे, रागिणी. आणि मी येथे संत्र्यांना पाणी देतो आहे."

मला म्हणायचं होतं, मी पन इथं हाय ना रे. एवढी तोंडाळ मी, आणि नेमकी तिथं मुकी झाले! गाडी हलली तसा तो दारात उभा राहून म्हणाला, "येऊन राहीन."

"असं नाई म्हनत!" मी गाडीसोबत चालत ओरडले. "'येतो' म्हन!"

"माझ्या आजीच्या मराठीत म्हणतात. येईन... आणि राहीन."

त्यानंतरचे महिने कसे गेले ते माझं मला ठाऊक. निरोप यायचे, दहा दिवसांनी एक. 'ठीक आहे. जेवलो.' मग तेही कमी झाले. दुकानात शेखरभाऊ हसून विचारायचे, "काय मॅडम, आपल्या नामदेवनं किती उडवले?" आणि बाकीचे दात काढायचे. त्यांना लढाई म्हणजे क्रिकेटची मॅच! एकदा मी हातातली नळी फेकून मारली. तेव्हापासून तोंडावर बंद झालं, पाठीमागं चालू राहिलं.

आणि खोलीवर नईमा. सुरुवातीला तिनं नोआची चौकशी केली, मनापासून केली. मग तिच्या फोनवर गाझातली लेकरं यायला लागली. धुळीनं पांढरी झालेली, चादरीत गुंडाळलेली. ती जेवण टाकून बसायची. मी तोंड फिरवायची. एके दिवशी ती फोन माझ्यापुढं धरून म्हणाली, "तुहा नदाव तिथं काय करून राहिला, तुले माहीत हाय का?"

"नाई."

"इचारलं का कधी?"

"नाई."

"काहून?"

मला भीती वाटत होती म्हणून! पण हे मी बोलले नाही. मी म्हटलं, "त्याच्या दोस्ताले मारलं तवा तू कुठं होती?" हे शब्द तोंडातून गेले आणि त्याच क्षणी वाटलं, जीभ झडावी. नईमानं फोन खाली ठेवला.

"तो शेळ्यावाला बुढा आता कुठं असन, रागे?" एवढंच म्हणाली. आणि त्या दिवसापासून आम्ही एका खोलीत राहून बोलेनाशा झालो. चहा ती तिचा करायची, मी माझा. बालवाडीपासूनची मैत्रीण, आणि आमच्या दोन खाटांमध्ये हातभर जागा... ती ओलांडता येईना. मला नदाव पाहिजे होता. पण कोणता? छत्रीची काडी सरळ करणारा, तोच. तोच परत येणार होता का, हे कोणाला विचारायचं?

फेब्रुवारीत, सकाळी अकराला, दुकानात असताना निरोप आला. दोनच शब्द.

'येऊन राहिलो.'

अव माय! मी खुर्ची पाडली. तीन वेळा वाचलं. वऱ्हाडीत लिहिलं होतं त्यानं, खास माझ्यासाठी! मी बाबांना फोन केला. गंगूबाईंना सांगितलं. पोहे आणले, नारळ आणला, वेलची आणली. नईमा खाटेवर बसून हे सगळं पाहत होती. कोणत्या गाडीनं येणार ते विचारायला मी दहा निरोप टाकले, एकही पोचला नाही. विमानात असेल, मी म्हटलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईच्या गाडीला बडनेऱ्याला जाऊन उभी राहिले.

तो आला नाही. दुसऱ्या दिवशीही गेले. बाबा अकोल्याहून रोडगे बांधून आले होते, म्हणाले, "गाडी चुकली असन नामदेवरावची. त्याले गाड्या समजत नाईत." तिसऱ्या दिवशी बाबांना मी येऊ दिलं नाही. बाकावर एकटीच बसले होते, तर कोणीतरी शेजारी येऊन बसलं. नईमा. हातात चहाचे दोन कप.

"त्याच्यासाठी नाई आली," ती म्हणाली. "तू एकटी बसून राहिली म्हनून आली."

गाडी आली, माणसं उतरली, फलाट रिकामा झाला. आणि तेव्हा फोन वाजला. राहिलेले सगळे निरोप एकदम आले. मी वाचायला लागले आणि अर्ध्यातच माझ्या डोळ्यांना दिसेना. फोन नईमानं घेतला. तिनंच वाचलं, हळू आवाजात, त्याची ती पुस्तकी मराठी अडखळत.

'पहिला निरोप अर्धाच गेला असावा. आम्ही गाझात, दुसऱ्याच्या घरात येऊन राहिलो. घरची माणसे निघून गेली आहेत. स्वयंपाकघरात बरण्या ओळीने आहेत. एक उघडली, वेलचीचा वास आला. आजी आठवली. अंगणात संत्र्याचे झाड आहे, पाने वळली आहेत. नळी तुटली होती ती जोडली, पण पाणी नाही. रागिणी, भिंतीवर कोणा मुलाची उंची मोजलेल्या रेघा आहेत. अहात, श्तायिम, शालोश... सात आहेत. मी त्या भिंतीजवळ झोपतो. मला झोप येत नाही. हे तुला सांगतो, कारण माझ्या भाषेत सांगायला कोणी नाही.'

तो येत नव्हता. तो येऊन राहिला होता. त्याच्या आजीच्या मराठीत.

मी रडले. फलाटावर, सगळ्यांदेखत, तोंडावर ओढणी धरून. नईमाही रडत होती, पण तिचं रडणं दुसऱ्याच घरासाठी होतं, मला कळत होतं. बऱ्याच वेळानं तिनं नाक पुसलं.

"त्या घरातली बाई कुठं असन, रागे? बरण्या भरून गेली बिचारी. वापस याचं म्हनूनच भरल्या असतीन ना?"

तिनं फोन माझ्या हातात दिला. "लिही त्याले. निघ म्हनाव तिथून."

तेव्हा मला राग आला. कित्येक महिन्यांनी, खराखुरा, नावातला राग. त्याच्यावर, स्वतःवर, त्या बडनेऱ्याच्या बाकावर! मी लिहिलं, 'दुसऱ्याच्या घरात येऊन राहू नको. निघ तिथून. मले तू पाहिजे. त्या दिवशी गाडीतून उतरली ते तुह्यासाठीच उतरली, आता सांगून राहिली. पन त्या भिंतीजवळ झोपनारा नको, पानी देनारा पाहिजे. इकडे येऊन राहा.' पाठवलं. एकच खूण उमटली. मग किती दिवस ती एकच राहिली.

पोह्यांचा मलिदा केला नाही. पोहे फोडणीला घातले आणि आम्ही दोघींनी खाल्ले.

मार्चमध्ये तो तिथून निघून घरी गेला. मे महिन्यात पुन्हा बोलावणं आलं, तेव्हा गेला नाही. त्याबद्दल वीस दिवस कोठडीत ठेवलं. सुटल्यावर आवाज पाठवला, बसलेला. वडील बोलत नाहीत म्हणाला. शेजारी दारावर थुंकले. दोस्ताच्या आईनं मात्र जवळ बसवून जेवू घातलं, आणि काही विचारलं नाही. नोआ त्याच्यावर चिडली आहे. 'येथे मी आता कोणाचाच नाही,' म्हणाला. मी तो आवाज नईमाला ऐकवला. ती म्हणाली, "येईन तर येऊ दे. मी त्याच्यासंगं बोलीन. पन आधी इचारीन त्याले, तोंडावर. मंग मलिदा."

"इचार," मी म्हटलं. "मलेही इचाराचं हाय."

त्यानंतर पुन्हा शांतता. उन्हाळा गेला, पोळा गेला, गणपती गेले. मी बागेत एकटीच नळ्या तपासायची. मोर्शीला जाताना शेजारची जागा रिकामी असली, तर पिशवी ठेवून अडवून धरायची... कोणासाठी, ते विचारू नका. नोव्हेंबरात आंबियाची तोडणी सुरू झाली. त्याच्या हातच्या नळ्यांवरची झाडं यंदा फळांनी लगडली होती आणि मी शिडीखाली उभी राहून क्रेट मोजत होते. अहात, श्तायिम...

फोन वाजला.

'येऊन राहिलो.'

या खेपेला मी धावले नाही. पोहे आणले नाहीत, बाबांना फोन केला नाही. हातातलं संत्रं क्रेटमध्ये नीट ठेवलं. हात ओढणीला पुसले. आणि लिहिलं,

'कोन्या मराठीत?'

दोन खुणा उमटल्या. मग त्या निळ्या झाल्या. तो लिहीत होता... थांबला... पुन्हा लिहायला लागला. एवढासा शब्द लिहायला केवढा वेळ लावला त्यानं!

'दोन्ही.'